ताजव्याचा पासंग

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल आता इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलला जातो. भरलेला ट्रक भुईकाट्यावर चढतो, दिव्यांच्या अक्षरांत आकडा उमटतो आणि तो चिठ्ठीवर उतरवला जातो. तरी बाजाराच्या बोलीतून जुनी तागडी हटलेली नाही. वजनात फसवणे म्हणजे आजही काटा मारणे, आणि एखादा दुसऱ्यापुढे अगदीच उणा पडला तर तो त्याच्या पासंगालाही पुरत नाही, असेच आपण म्हणतो. पासंग म्हणजे काय, हे मात्र नव्या पिढीला आता सांगावे लागते. तागडीची दांडी मधोमध धरून उचलली की रिकामी पारडी सारखी राहायला हवीत. पण दांडी झिजते, एका बाजूची साखळी जड होते, एक पारडे आपटून आपटून पोचते, आणि मग काहीही न घालता एक बाजू खाली झुकते. ती सावरण्यासाठी हलक्या बाजूला दगडाचा तुकडा, लोखंडाची कडी किंवा चिंधीत बांधलेले खडे लटकवतात. तोच पासंग. मालाच्या वजनात तो धरत नाहीत, पण त्याच्यावाचून कुठलेही वजन खरे ठरत नाही. म्हणूनच जाणता शेतकरी माल पारड्यात पडण्याआधी रिकाम्या पारड्यांकडे बघून घेत असे.

कुसुमावती देशपांडे यांनी १९५४ साली आपल्या समीक्षालेखांच्या संग्रहाला ‘पासंग’ हे नाव दिले. नागपूरला इंग्रजी शिकवणाऱ्या, कथा लिहिणाऱ्या आणि १९६१ साली ग्वाल्हेरच्या अधिवेशनात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झालेल्या या लेखिकेने त्याच सुमारास ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ हा ग्रंथ दोन भागांत लिहून शंभर वर्षांची मराठी कादंबरी तोलली होती. समीक्षेच्या पुस्तकाला बाजारातला शब्द देण्यात नम्रता तर आहेच, पण त्या शब्दात समीक्षेविषयीचा एक विचारही दडलेला आहे असे मला वाटते. कादंबऱ्यांचे नैतिक मोल ठरवू पाहणाऱ्या टीकाकाराने आधी आपला ताजवा सरळ आहे का, हे तपासायला हवे. इंग्रजी कादंबरीची परंपरा नैतिक कसाला लावणाऱ्या सर्वांत प्रभावी टीकाकाराने ही तपासणी उशिरा आणि अपुरी केली. मराठीत ती फार आधी सुरू झाली होती, आणि तीही साहित्याच्या बाहेरून, पुण्याच्या मंडईभोवतीच्या वादंगातून. हा इतिहास सलग मांडला जात नाही, म्हणून आपली नैतिक समीक्षा इंग्रजीची उसनवारी वाटते. ती तशी नाही.

हा टीकाकार म्हणजे केंब्रिजचे एफ. आर. लीव्हिस. ‘स्क्रूटिनी’ हे त्यांचे त्रैमासिक १९३२ ते १९५३ अशी एकवीस वर्षे चालले आणि १९४८ साली त्यांचे ‘द ग्रेट ट्रॅडिशन’ आले. इंग्रजी कादंबरीची थोर परंपरा म्हणून त्यांनी जेन ऑस्टिन, जॉर्ज एलियट, हेन्री जेम्स आणि जोसेफ कॉनरॅड ही नावे पुढे केली, पुढे डी. एच. लॉरेन्स त्यांनी याच ओळीत बसवला. फील्डिंग, स्टर्न, थॅकरे, हार्डी असे मातब्बर बाहेर राहिले. त्यांच्या नैतिकतेचा अर्थ आपल्याकडे बरेचदा चुकीचा लावला जातो. कादंबरीने सदाचार शिकवावा, दुष्टांना शिक्षा व्हावी, असे ते कुठेच म्हणत नाहीत. लेखक जगण्याकडे किती गंभीरपणे आणि किती खोल बघतो, माणसांच्या निवडीचे परिणाम किती प्रामाणिकपणे शेवटापर्यंत नेतो, आणि ही गंभीरता वाक्यावाक्यांतून, प्रसंगांच्या बांधणीतून दिसते का, हा त्यांचा प्रश्न. म्हणजे आशय चांगला पण लिखाण ढिसाळ, अशी सूट त्यांच्याकडे नाही. ढिसाळ लिखाण हीच त्यांच्या लेखी नैतिक उणीव. हा कस खरा आहे, आणि त्याच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते रिकाम्या पारड्यांशी. डिकन्सला या पुस्तकात जागा मिळाली ती एकट्या ‘हार्ड टाइम्स’पुरती, बाकीचा डिकन्स करमणूक करणारा मोठा कलावंत म्हणून बाजूला ठेवला गेला. लंडनच्या गल्ल्या, कर्जदारांचे तुरुंग, अनाथाश्रम ज्याने इंग्रजी कादंबरीत आणले तो लेखक तोलताना काटा मागे का गेला? बावीस वर्षांनी, १९७० मध्ये, लीव्हिस पतिपत्नींनी मिळून डिकन्सवर पूर्ण पुस्तक लिहिले आणि त्याला थोर ठरवले. डिकन्सच्या कादंबऱ्या तर मधल्या काळात एका अक्षराने बदलल्या नव्हत्या. बदलला होता तो ताजवा.

आता मराठीकडे. १८५७ साली बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली. विधवांची दशा बघत फिरणारी यमुना ही तिची नायिका, आणि लेखकाचा हेतू उघड ख्रिस्ती व सुधारकी. १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि अद्भुताचे युग सुरू झाले. त्याच वर्षी जॉर्ज एलियटने ‘सायलस मार्नर’मध्ये एका विणकराला नायक केले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ने १८७१ साली ऐतिहासिक कादंबरीची वाट पाडली. या कादंबऱ्यांइतकेच त्यांच्याविषयी तेव्हा जे लिहिले गेले ते मोलाचे आहे. नारो सदाशिव रिसबूड यांनी १८६८ सालच्या ‘मंजुघोषा’च्या प्रस्तावनेत एक अडचण मांडली होती. आपल्या लोकांच्या आयुष्यात, त्यातही आपल्या विवाहपद्धतीमुळे, कादंबरीला पुरेल असे मनोरंजक काही घडतच नाही. रोजचे लिहावे तर त्यात कोण रमणार, म्हणून अद्भुताकडे वळावे लागते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. इंग्लंडमध्ये ‘मिडलमार्च’ हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध होत होती त्या १८७२ सालीच काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा ‘नावल व नाटक याविषयी निबंध’ आला. कादंबरीला अजून ‘नावल’ म्हणत होते, म्हणजे वस्तू परकी आणि ती तोलायची वजनेही अजून घरात नव्हती. तीस वर्षांनी, १९०२ मध्ये, वि. का. राजवाड्यांनी ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुत आणि वास्तव असे भेद पाडले आणि रेनॉल्ड्ससारख्या सवंग इंग्रजी लेखकाच्या मागे लागलेल्या मराठी कादंबरीकारांची हजेरी घेतली.

रिसबुडांचे म्हणणे जरा थांबून वाचावे. आपल्या आयुष्यात काही घडत नाही असे ते म्हणतात तेव्हा ‘आपल्या’ म्हणजे कोणाच्या? १८६० च्या दशकात दख्खनमधला कुणबी सावकाराच्या खतावण्यांत अडकत चालला होता. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रे जाळली. १८७६ ते ७८ चा दुष्काळ तर पुढे उभाच होता. आठ-नऊ वर्षांच्या मुली बोहल्यावर चढत होत्या आणि त्यांतल्या कितीतरी वयात येण्याआधी विधवा होत होत्या. ज्या समाजात एवढे घडत होते तिथे लिहिण्यासारखे काही नाही असे एका प्रामाणिक लेखकाला वाटले, यात त्याचा खोटेपणा नव्हता. त्याच्या तागडीचे एक पारडे आधीच झुकलेले होते, आणि ते त्याला दिसत नव्हते. नैतिक समीक्षेने पहिल्यांदा पकडायची गोष्ट ती हीच.

ती पकडली ती साहित्यिकांच्या मंडळींनी नव्हे. १८८२ साली पुण्यात बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापून निघाली. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त बायकांवर जे तोंडसुख घेतले, त्याला दिलेले ते उत्तर होते. पण ते देता देता ताराबाईंनी त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांतल्या बायकांचीही झाडाझडती घेतली. शीर्षकातला शब्द बघा. तुलना म्हणजे तुलेवर घालणे. एका पारड्यात बाईचे दोष, दुसऱ्यात पुरुषाचे. आणि त्याआधी हा ताजवा ज्यांनी बनवला त्यांच्या हाताकडे बोट. साहित्यातली स्त्री पुरुषाच्या काट्यावर तोलली गेली आहे आणि काटा मारलेला आहे, हे इतक्या लख्खपणे त्याआधी मराठीत कोणी म्हटल्याचे मला दिसत नाही. या पुस्तकाची पाठराखण जोतीराव फुल्यांनी १८८५ सालच्या ‘सत्सार’मध्ये केली. त्याच वर्षी पुण्यात दुसरी ग्रंथकार सभा भरली. पहिली १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने झाली होती. दुसरीचे निमंत्रण रानड्यांनी फुल्यांना पाठवले आणि फुल्यांनी पत्राने नकार कळवला. ते पत्र जूनमध्ये ‘ज्ञानोदय’त प्रसिद्ध झाले. जे लोक इतर माणसांचे मानवी हक्क मनापासून मान्य करत नाहीत, ते त्यांना उघडपणे देतही नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही, असे त्यांनी कळवले. मराठी साहित्यसंस्थेच्या उंबरठ्यावर ठेवलेला हा पहिला पासंग होता, असे मी मानतो.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. फुल्यांचे पत्र कादंबरीविषयी नाही. ते सभेविषयी, जातीविषयी, राजकारणाविषयी आहे, आणि त्याला समीक्षा म्हणणे ओढाताणीचे आहे. पहिला भाग कबूल आहे. कादंबरी या प्रकाराविषयी फुले त्या पत्रात काही बोलत नाहीत. पण ग्रंथ लिहिणाऱ्याचा आणि ज्याच्याविषयी किंवा ज्याला वगळून तो लिहितो त्या माणसाचा संबंध काय, हा प्रश्न त्यांनी ग्रंथकारांच्या सभेलाच विचारला. लीव्हिसच्या भाषेत सांगायचे तर जगण्याविषयीच्या गंभीरतेचाच हा प्रश्न; फक्त कोणाच्या जगण्याविषयी, एवढे फुल्यांनी त्यात घातले. शिवाय हा प्रश्न त्यांना केवळ विचार करून सुचलेला नव्हता. गोऱ्हे आडनावाच्या त्यांच्या घराण्याला फुले हे नाव पडले तेच पेशव्यांना फुले पुरवण्याच्या धंद्यावरून. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी शहराच्या बाजारात भाजीपाला आणणाऱ्या शेतकऱ्याचा हिशोब मांडला आहे, जकात, दलाल आणि वाटखर्च भागवता भागवता त्याच्या पदरात काय उरते, हे तिथे वाचायला मिळते. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करायचे ठरले तेव्हा बत्तीस सभासदांत एकट्या फुल्यांनी विरोधात मत दिले. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे. शुक्रवार पेठेत मंडईची भव्य इमारत बांधायचे घाटत होते, त्या खर्चालाही त्यांनी विरोध केला. १८८६ साली रे मार्केट या नावाने ती अष्टकोनी इमारत उभी राहिलीच. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. बाजाराची शोभा आणि बाजारात येणाऱ्याचे पोट, यांत आधी कशाकडे बघायचे, ही फुल्यांची दृष्टी नगरपालिकेत आणि ग्रंथकार सभेपुढे एकच होती.

ही दृष्टी कादंबरीत उतरली का? उतरली, आणि नवलाची गोष्ट म्हणजे फुल्यांच्या विरोधी गोटातल्या पुण्यात ती आधी उतरली. हरि नारायण आपटे यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ १८८५ ची, म्हणजे फुल्यांच्या पत्राच्याच वर्षाची. तिच्या मागे रेनॉल्ड्स होता. पण १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ काढले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः दिली. इथे रेनॉल्ड्स गळून पडला. या कादंबरीचे थोरपण विधवेच्या दुःखाचा विषय घेण्यात नाही. तो विषय ‘यमुनापर्यटन’ने तेहतीस वर्षे आधीच घेतला होता. तिचे थोरपण एका व्याकरणाच्या निर्णयात आहे. यमूची गोष्ट यमूच सांगते. ‘ती’ची ‘मी’ झाली. बाबा पदमनजींची यमुना इतरांची दुःखे बघत हिंडते आणि लेखक तिच्या खांद्यावरून आपल्याला ती दाखवतो. आपट्यांची यमू माजघरात, स्वयंपाकघरात, माडीच्या जिन्यात जे ऐकते, जे बोलू शकत नाही, जे उशिरा उमगते, ते स्वतःच्या बोलण्यात सांगते. वपनाचा प्रसंग म्हणूनच अंगावर येतो. तो सुधारणेचा दाखला म्हणून समोर येत नाही; ज्या मुलीच्या बोलण्याची आपल्याला सवय झालेली असते, तिच्यावर तो ओढवतो. रिसबुडांना ज्या आयुष्यात काही घडताना दिसले नव्हते, तेच हे आयुष्य. बावीस-तेवीस वर्षांत कादंबरीकाराने आपला काटा दुरुस्त केला होता.

नंतरच्या अर्धशतकात मात्र वाद भरकटला. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावाने कलेसाठी कला की जीवनासाठी कला, असा झगडा रंगला. मर्ढेकरांनी सौंदर्याच्या तर्कशास्त्राने त्याला खोली आणली खरी, पण सामान्य वाचकापर्यंत पोचली ती घोषणांची जोडीच. या झगड्यात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली होती, की नैतिकता म्हणजे कादंबरीत बाहेरून घालायचे काहीतरी. एकाला ते नको होते, दुसऱ्याला हवे होते. आपट्यांनी ती निवेदनाच्या पुरुषात, ‘मी’ आणि ‘ती’ यांच्या निवडीत आणून ठेवली होती, हे दोघांच्याही अनुयायांच्या नजरेतून सुटले. कुसुमावती देशपांडे यांचे काम या गदारोळानंतरचे आहे, म्हणून त्याचे मोल जास्त. त्या इंग्रजी साहित्यात मुरलेल्या होत्या, तरी मराठी कादंबरीला इंग्रजीचे पिल्लू समजून तोलत बसल्या नाहीत. तिचे शतक तिच्या समाजाच्या हालचालीसह वाचावे लागते, हा धडा त्यांनी घालून दिला.

थोर परंपरा कोणती आणि कोणती नव्हे, हा निवाडा लीव्हिसच्याच करारीपणाने मराठीत केला तो भालचंद्र नेमाडे यांनी. ‘मराठी कादंबरी : प्रेरणा व स्वरूप’ या निबंधात त्यांनी मराठी कादंबरीचे तीन प्रवाह पाडले आणि प्रत्येकाला त्याच्या पहिल्या कादंबरीचे नाव दिले. यमुनापर्यटन प्रवृत्ती वास्तवाला भिडणारी, मुक्तामाला प्रवृत्ती कल्पनारम्य, मोचनगड प्रवृत्ती इतिहासात रमणारी. पहिलीला त्यांनी निरोगी मानले आणि बाकी दोन्हींचे लोकप्रिय मानकरी निर्दयपणे बाजूला काढले. दोघेही इंग्रजीचे अध्यापक, दोघेही वाङ्मयीन बाजारपेठेवर चिडलेले, दोघांचीही यादी आखूड. पण फरक मोठा आहे. लीव्हिसची परंपरा व्यक्तींची आहे. चार-पाच प्रतिभावंत एकमेकांकडून शिकत पुढे जातात. नेमाड्यांची परंपरा दृष्टीची आहे; तिच्या मुळाशी थोर लेखक नाही, एक ओबडधोबड मिशनरी कादंबरी आहे. कलागुणांनी सामान्य असलेल्या पुस्तकाला परंपरेचे मूळ म्हणायचे धाडस केंब्रिजमध्ये झाले नसते. हे धाडस आले ते फुल्यांच्या बाजूने. नेमाड्यांच्या निवाड्यातही अन्याय आहेत. आपल्याला नको त्या कादंबरीतली एखादी खरी गोष्ट ओळखायला ते थांबत नाहीत, आणि तिथे त्यांच्याही ताजव्याला पासंग हवा. पण वजनाआधी तागडी तपासायची, ही सवय त्यांनी मराठी वाचकाला परत लावली.

दरम्यान पुण्याचा बाजार हलला. घाऊक व्यापार पेठांतल्या आणि मंडईतल्या दाटीतून निघून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुलटेकडीला मार्केट यार्डात आला. भुसार, गूळ, कांदा-बटाटा, फळे, पालेभाजी, फुले असे विभाग पडले. १९६३ च्या राज्याच्या कायद्याने बाजार समित्यांना आणि उघड लिलावाला भक्कम चौकट दिली. शेतकऱ्याच्या हातात जी हिशोबपट्टी पडत आली तिच्यावर मालाच्या किमतीखाली हमाली, तोलाई, वाराई अशा ओळी असायच्या; उतरवणारा, तोलणारा, गाडीतून माल खाली घेणारा, प्रत्येकाचे श्रम एकेका शब्दात. या शब्दांमागची माणसे पन्नासच्या दशकात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीत एकत्र आली. १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, आणि डोक्यावर ओझे वाहणाऱ्याला त्याच्या कामाच्याच नावाने कायद्याने ओळखले. १९७४ मध्ये पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, ती कष्टकऱ्याला परवडणाऱ्या जेवणासाठी. शंभर किलोचे पोते पन्नासवर आणा, ही मागणी हमालांनी वर्षानुवर्षे लावून धरली. पाठीवर शंभर किलो घेऊन ट्रकच्या फळीवरून उतरताना माणूस पुढे बघत नाही. त्याची नजर पुढच्या दीड हातावर खिळलेली असते, पाय आधी टाच टेकवून जागा चाचपतो, आणि मान वळवायची सोय नसते. बाजार ज्याच्या मानेवर चालतो त्याला बाजार दिसत नाही. कायद्याने त्याची मजुरी मोजली. त्याची नजर मोजायचे काम कादंबरीचे होते.

हे काम मराठीत कोणी केलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. वाटेगावहून मुंबईला चालत आलेल्या आणि मिळेल ते अंगमेहनतीचे काम केलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी १९५८ साली मुंबईच्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात पृथ्वी शेषाच्या डोक्यावरून काढून दलितांच्या तळहातावर ठेवली. ओझे कोण वाहतो, हा प्रश्न पुराणकथेलाच विचारण्याची ही रीत, आणि साहित्याच्या चर्चेत तिला घोषणेपेक्षा मोठी जागा द्यायला हवी. पुढच्याच वर्षी त्यांची ‘फकिरा’ आली. १९६० मध्ये उद्धव शेळके यांनी ‘धग’मध्ये कौतिक या राबणाऱ्या बाईला वऱ्हाडी बोलीत उभे केले. १९७१ मध्ये आनंद यादव यांची ‘गोतावळा’ आली, आणि आपट्यांच्या यमूनंतरचा दुसरा मोठा ‘मी’ मराठीला मिळाला. शेतावरचा गडी नारबा स्वतःच्या बोलीत बोलतो. मालकाचा ट्रॅक्टर येतो, एकेक करून जनावरे जातात आणि त्याचा गोतावळा रिकामा होत जातो. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ने, जिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, शिकलेल्या शेतकऱ्याचे हाल ताराबाईंच्याच बुलढाण्यातून मांडले.

इथे सर्वांत गंभीर आक्षेपाला तोंड द्यायला हवे. हा कस लावला तर समीक्षा विषयांची झडती होऊन बसेल. हमाल असला की कादंबरी चांगली, वाडा असला की वाईट. असे झाले तर मी लीव्हिसच्या बाजूने उभा राहीन. ग्रामीण म्हणवणाऱ्या कितीतरी कादंबऱ्यांत शेतकरी आहे आणि तो बैलाच्या घुंगरांइतकाच सजावटीचा आहे. उलट आपट्यांचा वाडा पांढरपेशांचा, तरी त्याची नजर माजघरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या उंचीवर उतरलेली. जॉर्ज एलियटने विणकर आणि सुतार रंगवले तेही दयेने नव्हे, त्यांच्या हाताचे काम तिला ठाऊक होते म्हणून. प्रश्न विषयाचा नाही. कथेतले जग ज्याच्या श्रमावर उभे आहे तो माणूस पानावर असो वा नसो, लेखकाला त्याचे भान आहे का, आणि असेल तर ते भान भाषेत किती बारकाईने उतरले आहे, हा प्रश्न आहे. ‘गोतावळा’तल्या जनावरांचे एकेक वर्णन वाचताना लक्षात येते की नारबाची माया आणि त्याची गुलामी एकाच वाक्यात राहतात, आणि लेखक ती वेगळी करून आपल्याला सोपी करून देत नाही. लीव्हिस ज्याला गंभीरता म्हणत होते ती हीच. तिला फुल्यांचा पासंग लावला म्हणून ती हलकी होत नाही.

विद्यापीठांत कादंबरी शिकवताना इंग्रजीच्या वर्गात लीव्हिस आणि मराठीच्या वर्गात नेमाडे अशी वाटणी चालत आली आहे. ताराबाई आणि फुले यांना सामाजिक इतिहासाच्या कप्प्यात ठेवले जाते. ही वाटणी मोडायला हवी. ‘स्त्रीपुरुष तुलना’ आणि १८८५ चे ते पत्र समीक्षेच्या अभ्यासक्रमात पहिल्या आठवड्यात वाचले जावे, ‘द ग्रेट ट्रॅडिशन’च्या आधी. कुसुमावतींचे ‘पासंग’ ग्रंथालयाच्या मागच्या फळीवरून पुढे यावे. आणि ज्या वाचकाला एवढा पसारा नको असेल त्याने दोनच पुस्तके घ्यावीत, आधी ‘पण लक्षात कोण घेतो?’ आणि ती संपल्यावर मध्ये दुसरे काही न वाचता ‘गोतावळा’. यमूनंतर लगेच नारबा बोलू लागला की त्यांतला कोण कोणाच्या पासंगाला पुरतो, हे त्याने स्वतःच ठरवावे.